अठरा हजार चारशे बारा किलोमीटरवरचा कोड

परवा फोनवर तुमच्यातल्या धाकटीने विचारलं, "आजी, आत्या दिवसभर नक्की करते काय?" मी म्हटलं, "गाड्या दुरुस्त करते." फोन ठेवल्यावर हे उत्तर मला आळशीपणाचं वाटलं. तेहतीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेल्या बाईने कुणाच्या प्रश्नाला असं अर्धं उत्तर देऊ नये. म्हणून सविस्तर लिहिते आहे. तुम्हाला मराठी समजतं पण वाचताना अडखळायला होतं, हे मला माहीत आहे. बाबाला मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. आपली बहीण काय करते ते त्यालाही एकदा नीट कळू दे.

झाशीच्या कडेला बिजौलीत लहान-लहान कारखाने आहेत. त्यात एका बाजूला लोखंडी फाटकं बनवणारा, दुसऱ्या बाजूला प्लास्टिकच्या पाइपांचं गोदाम, आणि मध्ये पत्र्याच्या छपराखाली तुमच्या आत्याचं वर्कशॉप. तिथे विजेवर चालणाऱ्या गाड्या येतात. त्याआधी ती एकोणीस वर्षं पॉलिटेक्निकमध्ये शिकवत होती. पक्की नोकरी होती. ती सोडणार म्हणाली तेव्हा मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बोलले ते एवढंच: "इतकी शिकलीस, आणि आता हाताला ग्रीस?"

"आई, या गाड्यांना ग्रीस फारसं लागतच नाही," ती म्हणाली. "यांना वाचावं लागतं."

वाचण्याचं नाव काढल्यावर मी जरा नरमले.

आता आठवड्यातून तीन दिवस मी तिच्याबरोबर नगऱ्यातल्या आपल्या घरून सकाळी दहाला निघते. वर्कशॉपात माझं एक टेबल आहे, एक पंखा आहे आणि एक रजिस्टर आहे. ते कसं सुरू झालं ते सांगते. पहिल्या महिन्यात मी सहज बघायला गेले होते, तर ही बाई गाडीचे आकडे खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहीत होती. दुसऱ्या दिवशी तो पुठ्ठा तिच्याकडच्या मिस्त्रीने चहाच्या पातेल्याखाली घातला. मला ते बघवेना. मी बाजारातून जाड कागदाचं रजिस्टर आणलं आणि पट्टीने रकाने आखले. तारीख, गाडी, येताना किती किलोमीटर, जाताना किती, कोणते कोड आले, कोणत्या क्रमाने आले, शेवटी दोष काय निघाला, आणि कोड कुणासमोर पुसला.

कोड म्हणजे काय, ते आधी समजून घ्या. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्यापाशी, एक लहानसं सॉकेट असतं. आत्या त्यात आपल्या स्कॅनरची वायर लावते. गाडीत कुठे काही बिघडलं असेल तर गाडीने ते आधीच टिपून ठेवलेलं असतं, आणि ते स्कॅनरच्या पडद्यावर दिसतं. पाच खुणांची ओळ असते, पहिलं अक्षर आणि मागे चार खुणा. पहिलं अक्षर पी असेल तर गाडीला पळवणारा भाग, म्हणजे मोटर, बॅटरी, चार्जिंग. सी असेल तर ब्रेक, स्टिअरिंग वगैरे. बी म्हणजे दारं, दिवे, सीट. आणि यू म्हणजे गाडीतले निरनिराळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलत नाहीयेत.

आत्याने मला हे समजावायला वही-पेन घेतलं होतं. मी म्हटलं, "ठेव. कळलं. हे तर आमच्या पुस्तकांच्या पाठीवरचे नंबर झाले."

खरंच तसंच आहे. पुस्तकाच्या पाठीवरचा नंबर तुम्हाला बरोबर त्या कपाटापाशी, त्या फळीपाशी नेतो. त्या पुस्तकात काय लिहिलंय ते मात्र नंबर सांगत नाही, पुस्तक उघडावं लागतं. ग्रंथालयात दर वर्षी दोन-चार विद्यार्थी असे असायचे की फळीवरचं पहिलं पुस्तक उचलायचे आणि पळायचे. गाड्यांच्या धंद्यातही तसे पुष्कळ आहेत. पडद्यावर बॅटरीच्या कपाटाचा नंबर दिसला की बॅटरी बदला म्हणून मोकळे.

आणखी एक गोष्ट मला फार आवडली. गाडी नुसता कोड ठेवत नाही. त्या क्षणी ती किती किलोमीटर चालली होती, उभी होती की पळत होती, बाहेर ऊन किती होतं, चार्जिंग किती टक्के होतं, सगळं त्याच्याखाली लिहून ठेवते. माणसांनी आपल्या तक्रारी अशा लिहून ठेवल्या असत्या तर किती घरांतली भांडणं मिटली असती.

आत्याचा एक नियम आहे. मालकाने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोड पुसायचा नाही. पुसणं अगदी सोपं आहे, एक बटण दाबलं की झालं. डॅशबोर्डवरचा दिवा विझतो, माणूस खूश होऊन घरी जातो, आणि आठ दिवसांनी दिवा पुन्हा लागतो. "दिवा विझवायला लोक माझ्याकडे येत नाहीत," असं ती मिस्त्रीला सांगते. मिस्त्री हा तिच्याकडचा एकुलता एक कारागीर. वयाने साठीला आलेला, तीस वर्षं डिझेलच्या गाड्या उघडलेला माणूस. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून दोष सांगायचा. आता आवाजच नाही म्हणून सुरुवातीला बिचारा फार उदास असे.

आता माझी चूक सांगते.

आपल्या झाशीतल्या मराठी घरांत खंडेनवमी पाळतात. इथल्या बाकीच्या लोकांचा जोर दुसऱ्या दिवशी, दसऱ्यावर असतो. आपले पूर्वज इकडे आले ते कुणी पौरोहित्य करायला, कुणी कारभार सांभाळायला, कुणी शिपाईगिरी करायला, आणि प्रत्येकाने आपापली हत्यारं नवमीला पुजली. आपल्या घरी तलवार नव्हती. आपल्याकडे पाटावर मांडत ते शिवणाचं मशीन, अडकित्ता, तुमच्या आजोबांची मोजपट्टी आणि माझा ग्रंथालयातला तारखेचा शिक्का. वर्कशॉप उघडल्यानंतरची पहिली खंडेनवमी आली, तेव्हा मी ठरवलं की आता पूजा तिथे करायची. मुलीची हत्यारं तिथे आहेत.

मी ताम्हन, हळद-कुंकू, अक्षता, झेंडूची फुलं सगळं नीट डब्यांतून नेलं. स्कॅनरला एक बोट हळद, एक बोट कुंकू लावलं. मीटरला लावलं. विजेच्या कामाच्या रबरी हातमोज्यांनाही लावलं. मग गाड्या. त्या दिवशी आत तीन होत्या. त्यातली एक पांढरी गाडी मोठच्या एका बियाण्यांच्या व्यापाऱ्याची. मोठ म्हणजे कानपूरच्या रस्त्यावर आपल्यापासून तास-सव्वा तासावरचं मंडीचं गाव. गाडीची सर्व्हिस झाली होती, दुपारी ते न्यायला येणार होते. अर्ध्या दिवसाची सुट्टी द्यायची म्हणून आत्याने तिची शेवटची तपासणी सकाळीच उरकली होती, कोड एकही नव्हता.

मिस्त्रीने माझ्यासाठी त्या गाडीचं बॉनेट उघडलं. आत काळं प्लास्टिकचं झाकण. पूर्वी इंजिनाला कुंकू लावलं की कसं, काहीतरी पुजल्यासारखं वाटायचं. इथे डबा पुजल्यासारखं वाटलं. मी विचार केला, आणि मला तेव्हा तो विचार फार शहाणपणाचा वाटला, की हिचं इंजिन कुठे ते राहू दे, हिचं तोंड कुठे आहे ते तर मला माहीत आहे. पुढच्या बाजूला चार्जिंगची झडप होती. मी ती उघडली.

मिस्त्री म्हणाला, "अम्मा जी, इसमें भी?"

"इसी में," मी म्हटलं. "खाती तो यहीं से है."

मी त्या भोकांभोवती हळद लावली, कुंकू लावलं, वर अक्षता वाहिल्या आणि फुलाने पाणी शिंपडलं. मग झडप लावून टाकली. आत्या त्या वेळी बाहेर फाटकावर तोरण बांधत होती. मिस्त्री मला अडवेल कसा? ज्या बाईने त्याच्या हातात प्रसाद ठेवायचा, तिला का तो पूजा शिकवणार?

सहा दिवसांनी दुपारी ती पांढरी गाडी फाटकातून आत आली. व्यापारी उतरले ते दार आपटूनच. आडव्या बांध्याचे, पांढरा कुर्ता, गळ्यात गमछा, आणि रागात आले की शुद्ध बुंदेली.

"काय मैडम, हमाई गाड़ी खों का कर दओ तुमने?"

झालं होतं असं. मोठला घरी चार्जिंग लावलं की कधी लागे, कधी मध्येच बंद पडे. दोन दिवसांपासून अजिबात लागेना. ते सकाळी शहरातल्या एका शोरूममध्ये गेले. तिथल्या माणसाने स्कॅनर लावला, एक कोड वाचला आणि सांगितलं, इन्सुलेशन गेलं आहे, म्हणजे आतून वीज गळते आहे, अख्खी बॅटरी बदलावी लागेल. वर असंही म्हणाला की बाहेरच्या वर्कशॉपात हात लावू दिलात ना, आता वॉरंटी विसरा. बॅटरी बदलायची म्हणजे जवळजवळ दुसरी गाडी घ्यायची. नऊ टक्के चार्जिंग उरलं होतं, तेवढ्यावर ते तडक बिजौलीला आले होते.

"बड़े शौक से लाए थे तुम्हारे पास," ते म्हणाले. "औरन खों भी भेजो. अब का मुँह दिखाएँ?"

इतरांनाही तुमच्याकडे पाठवलं, हे यातलं दुसरं वाक्य मला जास्त लागलं, कारण ते खरं होतं. मोठमध्ये पहिली विजेची गाडी यांनी घेतली. यांचं बघून आणखी सहा-सात जणांनी घेतल्या. ते सगळे यांच्या सांगण्यावरून आत्याकडे येत. वर्कशॉप उघडून वर्षही झालं नव्हतं, आणि येणाऱ्या गाड्यांतल्या निम्म्या त्या एका गावाच्या होत्या. मंडीत बसून या माणसाने नुसतं म्हटलं असतं की "बिजौलीवाली मैडम ने बैटरी फूँक दी", तर पुढच्या महिन्यात त्या पत्र्याखाली माझं टेबल आणि मिस्त्रीची चहाची किटली, एवढंच उरलं असतं. पॉलिटेक्निकची नोकरी काही परत मिळणार नव्हती.

आत्याने त्यांना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज वर्गात शिकवतानाचा होता. "भाई साहब, पहले पढ़ लेने दीजिए. फिर जो कहना हो कहिए."

"पढ़ लओ उनने."

"उन्होंने आख़िरी वाला पढ़ा है. मैं पहला पढ़ूँगी."

व्यापारी रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले, आमच्याकडे पाठ करून.

आत्याने स्कॅनर लावला आणि मला एकेक कोड सांगायला लागली. मी रजिस्टरात लिहिले. एकूण तीन होते, तिन्ही पी. सगळ्यात नवा तोच, इन्सुलेशनचा. त्याच्या आधीचा, चार्जिंगचं सॉकेट प्रमाणाबाहेर तापल्याचा. आणि सगळ्यात जुना, चार्जिंगच्या प्लगचा गाडीला संकेत नीट न मिळाल्याचा. शोरूमच्या माणसाने पुस्तकाचं शेवटचं पान वाचून निकाल दिला होता.

"आई, बघ," ती मला हळूच म्हणाली, "आधी प्लग नीट बसला नाही. मग तापला. मग गळती. हे बॅटरीपासून सुरू झालेलं वाटत नाहीये. हे दारातून आत आलंय."

ती गाडीच्या पुढे गेली आणि झडप उघडली. मिस्त्रीने बॅटरी धरली, म्हणजे हातातली. मी टेबलावरून उठून मागे उभी राहिले. सॉकेटच्या भोकांच्या कडेला तपकिरी राप बसला होता. आत्याने भिंग लावलं.

एका भोकात, अगदी तळाशी, तांदळाचा दाणा होता. फुगून घट्ट बसलेला.

कुंकवात चुना असतो, ते ओलं झालं की त्यातून वीज वाहू शकते. प्लगच्या भोकात दाणा असला की प्लग पूर्ण बसत नाही, न बसलेला प्लग तापतो. हे सगळं आत्याने मला नंतर सांगितलं. त्या क्षणी सांगायची गरज नव्हती. मला माझं ताम्हन दिसत होतं.

मिस्त्रीने टपरीकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली आणला. "दीदी, ब्रश मार दो. दो मिनट का काम है. कह देंगे मोठ की धूल थी, चली गई. सेठ ख़ुश, हम ख़ुश."

तुमच्याशी खोटं बोलायचं नाही म्हणून लिहिते. मी गप्प बसले. जन्मभर विद्यार्थ्यांना फाटलेलं पान स्वतः येऊन दाखवा म्हणून बजावणारी मी, आणि त्या वेळी मनात म्हटलं, मार बाई ब्रश.

आत्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. मी काही बोलते आहे का, एवढंच. मी बोलले नाही, तेव्हा ती टपरीच्या दिशेने हात करून ओरडली, "भाई साहब! ज़रा आइए. आपके देखे बिना हाथ नहीं लगाऊँगी."

ते आले. तिने त्यांच्या हातात भिंग दिलं. त्यांनी पाहिलं, डोळे बारीक करून पुन्हा पाहिलं.

"चावल?"

"चावल," आत्या म्हणाली. "और कुंकुम. नवमी को हमारे यहाँ पूजा हुई थी."

मला तोंड फुटलं ते तेव्हा. "मैंने की थी," मी म्हटलं. "बेटी को मालूम नहीं था. मैंने ही झडप खोली."

आणि मग असं काही झालं की ज्याची मी कल्पनाच केली नव्हती. व्यापाऱ्यांचा चेहरा एकदम बदलला, जरा ओशाळा झाला. "अरे अम्मा जी, तुम काय खों अपने ऊपर ले रईं. दसरे खों पूजा तो हमाए घर में भी भई. हमाई घरवाली ने रोली-चावल ख़ूब चढ़ाए, आगे-पीछे सब जगाँ. का पता किनको आए जो चावल."

मिस्त्रीने सुटकेचा श्वास सोडला, तो मला ऐकू आला. खुद्द मालकानेच दार उघडून दिलं होतं. तांदळाच्या दाण्यावर काही नाव लिहिलेलं नसतं. सेठच्या घरचा म्हटलं असतं तर सेठ स्वतःच हसून मान डोलावणार होते, बायकोला संध्याकाळी दोन शब्द सुनावणार होते, आणि आत्या तर त्यांची गाडी वाचवणारी ठरणार होती. कुणाचंही काही बिघडत नव्हतं. मोठच्या त्या बाईंना, ज्यांना मी कधी पाहिलेलं नाही, तेवढं ऐकून घ्यावं लागलं असतं.

आत्या म्हणाली, "पता चल सकता है."

तिने स्कॅनरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "भाई साहब, पहला कोड जब लिखा गया, तब गाड़ी ने किलोमीटर भी लिखे हैं. पढ़िए."

व्यापाऱ्यांनी बोट ठेवून वाचलं. "अठारह हज़ार चार सौ बारह."

"आई, नवमीला गाडी देताना आपण किती लिहिलेत?"

ती मराठीत बोलली, पण सगळ्यांना कळलं. मी टेबलाकडे गेले. पंधरा पावलंही नसतील. रजिस्टर उघडलं. माझं अक्षर सुवाच्य आहे, तुम्हाला माहीत आहे. पाचाचा तीन वाचला जाण्याची सोय मी कधी ठेवली नाही. जातानाचे किलोमीटर, अठरा हजार चारशे बारा.

मी ते मोठ्याने वाचलं. आधी मराठीत, मग हिंदीत.

म्हणजे पहिला कोड पडला तेव्हा गाडी आमच्या छपराखालीच उभी होती. मोठ अजून पन्नास किलोमीटर दूर होतं आणि दसरा उजाडायचा होता. आता मिस्त्रीने मान खाली घातली आणि सांगितलं की पूजेनंतर त्याने गाडी चार्जिंगला लावली, ती एकदा बंद पडली होती. त्याने प्लग काढून पुन्हा दाबून लावला, तर चालू झाली. पूजेच्या दिवशी कशाला अशुभ बोला, म्हणून तो गप्प राहिला.

"ये चावल हमारे यहाँ का है," आत्या म्हणाली. "और पूजा के बाद मुझे दुबारा स्कैन करना था. वो मैंने नहीं किया. अम्मा की ग़लती छोटी है, मेरी बड़ी है."

मी तिची आई आहे. ती पहिली आली तेव्हा, तिला नोकरी लागली तेव्हा, माझ्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, कारण ते सगळं मी धरूनच चालले होते. त्या दिवशी मला चष्मा काढून पुसावा लागला. मिस्त्रीला वाटलं, मला वाईट वाटतंय. तो स्टूल घेऊन आला.

व्यापाऱ्यांनी विचारलं, "और बैटरी?"

"वो अभी नहीं कह सकती. नापूँगी, तब कहूँगी."

याचाही मला अभिमान वाटतो, की दाणा सापडला म्हणून तिने लगेच सगळं ठीक आहे असं म्हटलं नाही. तिने रबरी हातमोजे चढवले, गाडीचा मुख्य वीजजोड वेगळा केला आणि घड्याळ लावून दहा मिनिटं सगळ्यांना नुसतं उभं केलं. आत साठलेली वीज उतरायला तेवढा वेळ लागतो. व्यापारी म्हणाले, "अब का आरती हो रई?" कुणी हसलं नाही. मग तिने मीटरने बॅटरीचं इन्सुलेशन वेगळं मोजलं, केबलचं वेगळं, सॉकेटचं वेगळं. बॅटरी उत्तम. केबल उत्तम. सॉकेटचा आकडा मात्र इतका खाली, की व्यापाऱ्यांनाही न सांगता कळला. तिने चिमट्याने दाणा काढून त्यांच्याच तळहातावर ठेवला. सॉकेट ब्रशने आणि स्पिरिटने साफ केलं, गरम हवेने सुकवलं. पुन्हा मोजलं. आकडा वर गेला, बॅटरीच्या बरोबरीला. पिनांवर तापल्याचा डाग पडला आहे का तेही तिने भिंगातून एकेक करून पाहिलं. नव्हता.

"अब आप दबाइए," असं म्हणून तिने स्कॅनर व्यापाऱ्यांच्या पुढे धरला. त्यांनी जाडजूड अंगठ्याने बटण दाबलं. तीनही कोड गेले. गाडी चार्जिंगला लावली आणि आम्ही सगळे तिच्यासमोर बसून राहिलो, जसे लोक निकालाच्या बोर्डासमोर बसतात. नऊ टक्के. अकरा. पंधरा. मिस्त्रीने चहा केला. तीस टक्क्यांवर आत्याने पुन्हा स्कॅन केला. पडदा कोरा होता.

व्यापारी म्हणाले, "मोखों लिख के दो. शोरूम वाले खों दिखाने है."

आत्या वर्कशॉपच्या कागदावर लिहायला बसली. मी तिच्यामागे उभी राहून म्हटलं, "दोषाच्या जागी 'फॉरेन मॅटर' लिही. इंग्रजीत तसंच लिहितात. चुकीचं नाही ते."

"आई, फॉरेन काय त्यात? घरचाच तर आहे," ती म्हणाली आणि हिंदीत सरळ लिहिलं की आमच्या वर्कशॉपात पूजेच्या वेळी सॉकेटमध्ये तांदूळ व कुंकू गेलं, बॅटरी निर्दोष आहे. खाली मोजलेले आकडे. खाली सही. मी तो मजकूर रजिस्टरात जसाच्या तसा उतरवून घेतला. दोषाच्या रकान्यात माझ्या हाताने माझीच चूक लिहिली, आणि 'कोड कुणासमोर पुसला' या रकान्यात लिहिलं, मालकाने स्वतः.

पोरांनो, तुमच्या तिकडे आत्यासारखं काम करणारे पुष्कळ असतील, मोठमोठ्या वर्कशॉपांत, आमच्यापेक्षा भारी मशीनं घेऊन. पण कोणी विचारलं की तुमची आत्या काय करते, तर म्हणा की ती पहिला कोड वाचते आणि त्यात जे निघेल ते बोलून दाखवते, समोर आई उभी असली तरी.

व्यापाऱ्यांनी कागदाची घडी करून कुर्त्याच्या खिशात ठेवली. जाताना फाटकापाशी गाडी थांबवली, काच खाली केली. आम्हाला वाटलं, पुन्हा काही दिसलं की काय. आत्या धावत गेली.

"मंगल खों भैया की गाड़ी भेज रए," ते म्हणाले. मंगल म्हणजे मंगळवार, आणि भैया म्हणजे त्यांचे थोरले भाऊ, त्यांचीही तशीच गाडी आहे. "बाको भी सब पढ़ लियो, पैले से आख़िरी तक."

"जी, भेज दीजिए."

मग त्यांनी मान बाहेर काढून माझ्या टेबलाकडे पाहिलं आणि मोठ्याने म्हणाले, "और अम्मा जी! बा की पूजा दूर सेई कर लियो!"

मिस्त्री इतका हसला की त्याला खोकला आला. आत्याने फाटकाला टेकून तोंड ओढणीत लपवलं. मी उठले नाही. टेबलामागूनच गाडीला हात जोडले, आणि ती कानपूरच्या रस्त्याकडे वळेपर्यंत तसेच ठेवले.